चंद्राची सफर साडेनऊ मिनिटांची की सोळा मिनिटांची?

वाचकांचे प्रश्न : विज्ञानकथा, तिची मासिके आणि तिचे चित्रपट

प्रश्न : जॉर्ज मेलिएस यांचा १९०२ चा चंद्रसफरीचा मूकपट मी तीन ठिकाणी पाहिला. एक प्रत साडेनऊ मिनिटांची होती, दुसरी चौदा आणि तिसरी सोळा मिनिटांची. कापाकापी नेमकी कोणत्या प्रतीत झाली आहे?

बहुधा कोणत्याच नाही. फिल्म तेवढीच आहे, ती पळवण्याचा वेग वेगळा आहे. म्हणूनच जुन्या मूकपटांची लांबी मिनिटांत न सांगता मीटरमध्ये सांगतात. या चित्रपटाची लांबी सुमारे २६० मीटर. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे मीटरमागे साडेबावन्न. एकूण चौकटी झाल्या साधारण १३,६५०. सेकंदाला २४ चौकटी या बोलपटाच्या वेगाने त्या दाखवल्या तर ९ मिनिटे २९ सेकंद लागतात. १६ च्या वेगाने १४ मिनिटे १३ सेकंद आणि १४ च्या वेगाने १६ मिनिटे १५ सेकंद. तुमच्या तिन्ही प्रती या हिशेबात चपखल बसतात.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत आणि प्रोजेक्टरही हातानेच. त्यामुळे 'खरा वेग' असा एकच आकडा मिळत नाही. आमच्या मते १४ ते १६ च्या दरम्यानचा वेग योग्य वाटतो. २४ ला माणसे तुरुतुरु पळतात आणि चंद्रावरचा धूर वाऱ्याने उडावा तसा नाहीसा होतो.

खरोखर काही कापले आहे का, हे पाहायचे असेल तर एक सोपी कसोटी आहे. सुरुवातीचा एक, मधला एक आणि शेवटाकडचा एक असे तीन प्रसंग निवडा आणि दोन्ही प्रतींत ते किती सेकंद चालतात ते मोजा. फरक फक्त वेगाचा असेल तर तिन्ही ठिकाणी गुणोत्तर सारखे येते : संथ प्रतीत ६० सेकंदांचा प्रसंग वेगवान प्रतीत ३५ सेकंदांचा. एकाच प्रसंगात गुणोत्तर बिघडले तर तिथे फिल्म गहाळ आहे. पृथ्वीवर परतल्यानंतरचा सत्कारसोहळा जरूर तपासा, कित्येक प्रतींत तो नसतो.

रंगीत प्रत हा वेगळा विषय आहे. तेव्हा एकेक चौकट ब्रशने रंगवत. अशी एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या चित्रपट संग्रहालयाकडे आली, पण फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटून तिचा दगड झाला होता. रसायनाच्या वाफेत ठेवून तो थोडा थोडा मऊ केला, पदर सुटे केले, चौकटींचे एकेक करून छायाचित्र घेतले आणि २०११ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तो रंगीत चित्रपट पुन्हा पडद्यावर आला.

प्रश्न : 'अमेझिंग स्टोरीज' या विज्ञानकथा मासिकाचा पहिला अंक एप्रिल १९२६ चा, पण तो मार्चमध्येच विक्रीला आला असे वाचले. छापताना चूक झाली होती का?

चूक नाही. मुखपृष्ठावरचा महिना विक्रेत्यासाठी असे : अंक मांडणीवरून कधी उतरवायचा ते त्यावरून कळे. न खपलेल्या अंकांचे पैसे विक्रेत्याला परत मिळत आणि त्यासाठी बहुधा नुसते मुखपृष्ठ फाडून पाठवले तरी चाले. बिनमुखपृष्ठाच्या इतक्या जुन्या प्रती सापडतात, त्याचे एक कारण हे.

अशा प्रतीची तारीख लावायची तर अनुक्रमणिकेच्या पानावर तळाशी बारीक टायपात खंड आणि अंकाचा क्रमांक शोधा. 'अमेझिंग'च्या सुरुवातीच्या वर्षांत हिशेब सरळ आहे : खंड १ अंक १ म्हणजे एप्रिल १९२६, अंक १२ म्हणजे मार्च १९२७ आणि तिथून पुढे खंड २. ते पानही नसेल तर क्रमशः कादंबरीचा कितवा भाग छापला आहे ते पाहा. वाचकांच्या पत्रांवर विसंबू नका, ती दोन-चार महिने आधीच्या अंकांबद्दल असतात.

प्रश्न : 'सायन्स फिक्शन' हा शब्द ह्यूगो गर्न्सबॅक यांनीच घडवला ना?

घडवला नाही, रुळवला. विल्यम विल्सन या इंग्रज लेखकाच्या १८५१ च्या पुस्तकात हे दोन शब्द जोडीने आलेले आहेत, पण तेव्हा ते कोणी उचलले नाहीत. गर्न्सबॅक लक्झेंबर्गचे. १९०४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि बिनतारी यंत्रांचे सुटे भाग व त्या विषयाची मासिके विकू लागले. त्या तांत्रिक मासिकांत ते अधूनमधून कथाही छापत आणि ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांनी एक अंक खास अशा कथांनाच दिला. १९२६ मध्ये केवळ या कथांचे मासिक काढले तेव्हा त्यांचा लाडका शब्द होता 'सायंटिफिक्शन'. जीभ अडखळावी असाच तो शब्द आहे.

१९२९ मध्ये त्यांच्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि 'अमेझिंग' हातचे गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी 'सायन्स वंडर स्टोरीज' सुरू केले. जुना शब्द जुन्या मासिकाशी जोडलेला होता, म्हणून इथे ते 'सायन्स फिक्शन' म्हणू लागले आणि तेच नाव टिकले.

त्यांच्या पहिल्या अंकातल्या सहाही कथा पुनर्मुद्रित होत्या. एडगर ॲलन पो, ज्यूल्स व्हर्न आणि एच. जी. वेल्स ही नावे होती, नवी कथा एकही नव्हती. साहित्यप्रकाराला नाव मिळण्याआधी त्याचा साठा किती जमला होता, ते यावरून दिसते. मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' तर १८१८ ची, तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय आणि अवघ्या ५०० प्रतींची.

प्रश्न : आयझॅक असिमॉव्ह यांची 'फाउंडेशन' वाचताना दर पन्नास-साठ पानांनी गोष्ट नव्याने सुरू होते, तेच तेच पुन्हा समजावले जाते. एवढ्या मोठ्या लेखकाचे संपादन इतके ढिले कसे?

ती कादंबरी म्हणून लिहिलेलीच नाही. 'अस्टाउंडिंग' मासिकात मे १९४२ पासून सुट्या कथा येत गेल्या, १९५० च्या जानेवारीपर्यंत. १९५१ मध्ये त्या पुस्तकात गोळा करायला सुरुवात झाली. मासिकाच्या वाचकाकडे मागचा अंक असेलच असे नाही, म्हणून दर कथेला सगळा पट पुन्हा मांडावा लागे. पुस्तकात तेच सांधे उघडे दिसतात.

पहिल्या पुस्तकाचे पाच भाग आहेत. त्यांतले दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे चार मासिकात आलेले. हॅरी सेल्डन यांच्या खटल्याचा पहिला भाग मात्र १९५१ च्या पुस्तकासाठी नव्याने लिहिला, म्हणजे वाचायला सर्वांत आधी आणि लिहायला सर्वांत शेवटी. शिवाय शेवटच्या दोन भागांची अदलाबदल झाली आहे. व्यापारी राजपुत्रांचा पाचवा भाग ऑगस्ट १९४४ च्या अंकात आला होता आणि त्याआधीचा, व्यापाऱ्यांचा छोटा भाग त्यानंतर ऑक्टोबरमध्ये. हे माहीत असले की पाचव्या भागाची ऐसपैस मांडणी आणि चौथ्याचा आटोपशीरपणा दोन्ही उलगडतात.

सुट्या कथा सांधून केलेल्या अशा पुस्तकांना ए. ई. व्हॅन व्होट 'फिक्स-अप' म्हणत. त्यांनी स्वतः जुलै १९३९ ची आपली कथा १९५० मध्ये अशाच एका पुस्तकात गुंफली. रे ब्रॅडबरी यांचे मंगळावरच्या कथांचे पुस्तकही १९५० चेच आणि याच जातीचे.

यामागे पैशाचे साधे गणित होते. मानधन शब्दावर मिळे. गर्न्सबॅक अर्धा सेंट किंवा त्याहूनही कमी देत, तेही कथा छापून आल्यावर आणि पुष्कळदा मागे लागल्यावर. १९३० मध्ये निघालेले 'अस्टाउंडिंग' सुरुवातीला शब्दाला दोन सेंट देई, तेही कथा स्वीकारताच. १९३३ मध्ये मालक बदलल्यावर दर साधारण एका सेंटावर आला. त्या दराने सहा हजार शब्दांची कथा म्हणजे साठ डॉलर. शब्द वाढले की पैसे वाढत, म्हणून त्या काळच्या कथांत संवाद लांबतात आणि वर्णने दुप्पट होतात. तीन अंकांत विभागलेल्या कादंबरीत साधारण एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश मजकुरावर नायक हमखास मरणाच्या दारात असतो, कारण तिथे 'पुढील अंकी' यायचे असते. १९५० मध्ये निघालेल्या 'गॅलक्सी'ने तीन सेंटांपासून सुरुवात केली आणि चांगले लेखक तिकडे वळले. मानधन वाढल्यावर गद्य किती नेटके झाले, ते दोन्ही मासिकांचे त्या वर्षांतले अंक शेजारी ठेवून वाचले की लक्षात येते.

मासिकांची ही मापे पुरस्कारांतही उतरली. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारात साडेसात हजार शब्दांच्या आतली ती लघुकथा, तिथून साडेसतरा हजारांपर्यंत नॉव्हेलेट, चाळीस हजारांपर्यंत नॉव्हेला आणि त्यापुढे कादंबरी.

प्रश्न : पहिला रोबॉट लोखंडाचा होता का?

नाही, मांसाचा होता. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकात हा शब्द प्रथम आला. नाटक १९२० मध्ये छापले गेले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागमध्ये रंगमंचावर आले. शब्द सुचवला तो कारेल यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. नाटकातले रोबॉट रसायनांपासून केलेल्या कृत्रिम पेशींचे आहेत, कारखान्यात जोडले जातात आणि दिसायला हुबेहूब माणसासारखे असतात. धातूची प्रतिमा पुढे चित्रपटांनी आणि मासिकांच्या मुखपृष्ठांनी पक्की केली.

प्रश्न : फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाची 'संपूर्ण' प्रत पाहिली. मध्येच काही दृश्ये पावसात चित्रित केल्यासारखी ओरखडलेली आहेत आणि त्यांच्या कडेला काळी पट्टी येते. संगणकाच्या युगात हे का साफ करत नाहीत? आणि ती अवाढव्य शहरे त्यांनी १९२७ मध्ये कशी दाखवली?

आधी ओरखड्यांविषयी. १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपट ४,१८९ मीटरचा होता, २४ च्या वेगाने साधारण १५३ मिनिटे. नंतर अमेरिकेसाठी आणि मग जर्मनीतही तो भरपूर कापला गेला आणि कापलेले तुकडे नाहीसे झाले. मूळ लांबीची एक प्रत मात्र आधीच अर्जेंटिनाला गेली होती. ती थिएटरांत फिरली, मग एका समीक्षकाच्या संग्रहात गेली. ती नायट्रेटची म्हणजे झटकन पेट घेणारी, म्हणून १९७० च्या दशकात तिची १६ मिलिमीटरवर नक्कल केली. नक्कल करताना मूळ फिल्म ना धुतली ना पुसली. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा नव्या फिल्मवर चित्राचाच भाग होऊन बसला. २००८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात हीच नक्कल ओळखली गेली.

फिल्मच्या पृष्ठभागावरचा ओरखडा भरून काढता येतो, कारण त्याखाली चित्र असते. छापल्या गेलेल्या ओरखड्याखाली काहीच नसते. संगणकाने शेजारच्या चौकटींतून चित्र उसने आणावे तर एकामागून एक सगळ्याच चौकटींत त्याच जागी रेघा आहेत. जोर लावून पुसले की चेहरे मेणाचे दिसू लागतात. काळी पट्टी याच कारणाने : नक्कल करताना चौकटीची वरची आणि डावी कड कापली गेली होती, तेवढी जागा जुळणीसाठी रिकामी सोडली आहे. २०१० च्या या आवृत्तीत सुमारे २५ मिनिटांचा मजकूर परत मिळाला. ओरखडे दिसले की समजावे, हा तुकडा ऐंशी वर्षे अर्जेंटिनाबाहेर जवळजवळ कोणी पाहिलेला नव्हता. आम्हाला ते तसेच ठेवणे बरोबर वाटते.

आता शहरांविषयी. त्यातली एक युक्ती छायाचित्रकार ऑयगेन शुफ्तान यांची, आणि तिला लागतो फक्त एक आरसा. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा उभा करायचा आणि बाजूला इमारतीचा छोटा नमुना ठेवायचा, म्हणजे कॅमेऱ्याला आरशात नमुना दिसतो. मग कॅमेऱ्यातून पाहत, नट जिथे दिसायला हवेत तेवढ्याच जागेचा आरशामागचा पारा खरवडून काढायचा. तिथे साधी काच उरते आणि तिच्यातून दूरवर उभे असलेले खरे नट दिसतात. नमुन्यातली इमारत आणि खरी माणसे एकाच वेळी, एकाच फिल्मवर टिपली जातात. धावण्याच्या शर्यतीचे मैदान असेच उभे केले आहे. भिंतीचा खालचा भाग खरा बांधला, वरचा सगळा भाग आरशातला.

यात फसण्याच्या जागा बऱ्याच. आरशात डावे-उजवे उलटते, म्हणून नमुना उलटाच बांधावा लागतो. खरवडलेली कड इमारतीच्या एखाद्या रेषेवरच पडली पाहिजे, नाहीतर हवेत शिवण दिसते. साधी काचही थोडे प्रतिबिंब देतेच, म्हणून त्या जागेसमोरचा नमुन्याचा भाग काळा ठेवला नाही तर नटांच्या अंगावर इमारतीची पुसट सावली येते. जवळचा नमुना आणि दूरचा नट दोन्ही स्पष्ट हवेत, त्यासाठी भिंगाचे तोंड बारीक करावे लागते आणि मग प्रकाश प्रचंड लागतो. आणि कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

प्रश्न : व्हर्न यांनी १८६५ मध्ये चंद्रावर सोडलेला तोफगोळा खरोखर पोहोचला असता का?

वेग त्यांनी जवळजवळ अचूक धरला होता : सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला साधारण एवढाच वेग लागतो. जागाही फ्लोरिडाच. घोळ तोफेच्या लांबीत आहे. ती ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. शून्यापासून ११,००० मीटर वेग गाठायला गोळ्याला एवढेच अंतर मिळते आणि वेळ मिळतो सेकंदाचा विसावा भाग. वेगाचा वर्ग भागिले लांबीची दुप्पट, असा हिशेब केला की त्वरण येते सेकंदवर्गाला सुमारे २,२०,००० मीटर, म्हणजे गुरुत्वाच्या साडेबावीस हजार पट. सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी दीड हजार टनांहून जड होतो. धक्का शोषण्यासाठी व्हर्न यांनी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर आणि फुटणारे पडदे दिले आहेत, पण तीन फुटांच्या पाण्याने हे निभत नाही.

माणसाला सोसेल असे चारपट गुरुत्व धरले तर तोफ लागेल दीड हजार किलोमीटर लांब. म्हणून चालत राहणारे इंजिन हवे. रॉकेटाचे ते गणित कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते व्हर्न यांचे वाचक होते.

प्रश्न : १९४० च्या दशकातली काही पल्प मासिके (स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेली) हाती आली आहेत. पाने तपकिरी झाली आहेत, कडा हात लावताच भुगा होतात. प्लास्टिकचे लॅमिनेशन करून घ्यावे का?

कृपा करून नको. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद दोन्ही कागदाला मारतात आणि ते पुन्हा काढता येत नाही. हा कागद लाकूड नुसते दळून केलेला आहे. त्यातले लिग्निन (लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारा पदार्थ) काढलेले नसते आणि कागदाला दिलेली तुरटी मिसळलेली खळ आम्ल तयार करते. प्रकाश आणि उष्णतेने लिग्निन तपकिरी होते, आम्लाने तंतू तुटतात. गेलेली ताकद कशानेही परत येत नाही, पुढची झीज तेवढी मंदावता येते.

पानाचा कोपरा घडी घालून पाहण्याचा मोह टाळा, ती घडी तुटणारच. अंक सपाट टेबलावर ठेवा, ९० अंशांपेक्षा जास्त उघडू नका आणि वरच्या पुठ्ठ्याला खालून आधार द्या. सुटे कण मऊ ब्रशने पाठीच्या कण्याकडून बाहेर झटका. सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा डाग होऊन पलीकडच्या पानावर उतरतो. फाटलेली कड जोडायचीच असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा, तीही आधी एखाद्या निकामी पानावर करून पाहा. पिना गंजल्या असतील तर ओढून काढू नका. आतल्या बाजूने टोके सरळ करून उचला.

मग प्रत्येक अंक पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ठेवा. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळा, त्यांतून निघणारे पदार्थ मुखपृष्ठाची शाई ओढून घेतात. खोलीची आर्द्रता ३५ ते ५० टक्के आणि तापमान शक्य तितके कमी, पण स्थिर असावे. दिवसा तापणारे आणि रात्री गार होणारे माळ्यावरचे कपाट सर्वांत वाईट. आम्ल मारणारे फवारे मिळतात, पण आधीच ठिसूळ झालेल्या पानाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि काही शाया पसरतात.

वाचायचे असेल तर एकदाच नीट छायाचित्रे घ्या आणि पुढे तीच वाचा. सपाट स्कॅनरच्या काचेवर अंक दाबला की कणा तुटतो. कॅमेरा वर बांधून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून प्रकाश पाडून, आधी सगळी उजवी पाने आणि मग सगळी डावी पाने टिपा.

प्रश्न : एका वाचकाने एक वर्ष आधीच मासिकाचे भविष्य वर्तवले होते, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही, दोन्ही अंक उपलब्ध आहेत. नोव्हेंबर १९४८ च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये एका वाचकाचे पत्र छापले गेले. त्यात त्याने नोव्हेंबर १९४९ च्या, अजून न निघालेल्या अंकाचे परीक्षण केले होते : कथांची शीर्षके, लेखकांची नावे, कोणती आवडली आणि कोणती नाही, सगळे. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी पत्र छापले आणि गुपचूप त्या लेखकांना शीर्षके कळवून कथा मागवल्या. वर्षभराने अंक आला तेव्हा व्हॅन व्होट, स्टर्जन, डेल रे आणि डी कॅम्प यांच्या कथा सांगितलेल्या शीर्षकांनी हजर होत्या, आणि रॉबर्ट हाइनलाइन यांची 'गल्फ'सुद्धा. पत्रातली जी कथा खुद्द कॅम्पबेल यांच्या टोपणनावावर होती, ती मात्र आली नाही. त्या अंकात असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेचा एक हप्ता सुरू झाला.

हाइनलाइन यांच्याकडे शीर्षक होते, कथा नव्हती. पत्नी व्हर्जिनिया यांच्याशी बोलणे झाले तेव्हा व्हर्जिनिया यांनी सुचवले : मंगळवासीयांनी वाढवलेला माणसाचा मुलगा. ती कल्पना एका कथेत मावणारी नव्हती, म्हणून त्यांनी 'गल्फ'साठी दुसरीच गोष्ट लिहिली आणि ही टिपण करून बाजूला ठेवली. तिची कादंबरी १९६१ मध्ये आली, 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड'.